हाऊ रस्ता कथा जास? पारोळा ते पारादीप: प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे घरी कानबाईचे रोट. भाऊबंद सगळे जमलेले. मनी (वय सात, दुसरी) ओट्यावर बसून हायवेकडे बघत होती. तिने आजीला, जिजींना, त्यांच्याच अहिराणी बोलीत विचारलं, “हाऊ रस्ता कथा जास?” म्हणजे, हा रस्ता कुठे जातो? जिजी म्हणाल्या, “तिकडे धुळं, इकडे जळगाव.” त्याच्या पुढे? मोठे दीर अमरावतीपर्यंत गेलेले, त्यांनी अमरावती सांगितलं. नणंद सुरतेत राहते, तिने सुरत सांगितलं. जो जिथवर गेला, तिथवरच त्याचा रस्ता. शेवट कुणालाच सांगता येईना.

रात्री भांडी आटोपल्यावर नकाशा उघडला. रस्ता सुरतेच्या पुढे हजिऱ्याला सुरू होतो आणि ओडिशात पारादीप बंदराला संपतो. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, आणि मधे आमचं पारोळं. हजिरा म्हणजे तापीचं मुख, पारादीप म्हणजे महानदीचं. मी सहज म्हटलं, जाऊन बघू या का. “बघू” म्हटलं की आमच्या घरी विषय मिटतो, पण मनीच्या लेखी ते ठरलं.

आमचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. साइट घेतली की तारीखवार डायरी ठेवायची सवय आहे: काय झालं, काय राहिलं, कुठे चुकलं. ही वही तशीच ठेवायची.

१७ ऑगस्ट, रविवार

परवा, १५ ऑगस्टपासून, फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. खाजगी गाडीला ३,००० रुपये, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, राज्याच्या टोलनाक्यांवर नाही. आपला जवळजवळ सगळा रस्ता राष्ट्रीयच. यांनी जाता-येताचे नाके कागदावर मोजले आणि मग काही बोलले नाहीत. यांचं न बोलणं म्हणजे होकार. पास घेतला.

जाता जाता एक गोष्ट कळली. हा रस्ता आपल्याकडे पूर्वी ‘सहा नंबर’ होता. २०१० साली सगळ्या महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा तो ५३ झाला. नव्या पद्धतीत पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे आणि उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम. धुळ्याला आपल्याला आडवा जाणारा ५२, नागपूरचा ४४, दोन्ही सम. मनी शाळेत सम-विषम शिकतेच आहे. पाटी दिसली की ती आता रस्त्याची दिशा सांगते. मला इतकी वर्षं हे माहीत नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार

पहिला आराखडा केला आणि त्याची लाज वाटली.

पारोळा ते पारादीप साधारण १,४०० किलोमीटर. यांनी रोजचे ३५० धरून चार दिवसांत बसवलं, मीही मान डोलावली. तीन दिवस ते कागद फ्रिजवर लावलेले होते. काल जिजींनी भाजी निवडता निवडता विचारलं, “आनी परत कवय येसूत?”

परतीचा रस्ता धरलाच नव्हता. दुकानाचं एस्टिमेट काढताना लॅटरलचा (ठिबकच्या नळीचा) फूट न् फूट मोजणारे आम्ही दोघं. २,८०० किलोमीटर, त्यात इकडेतिकडे वळलो तर ३,२०० च्या घरात. गाडी लिटरला १८ देते, पेट्रोल लिटरला शंभराच्या वरच. म्हणजे नुसतं पेट्रोलच १९,००० रुपयांच्या आसपास. पैशांचं एक वेळ जमेल, पण मनीला आणि सत्तरीच्या जिजींना तोच रस्ता उलटा पुन्हा दाखवायचा, हे मला पटेना.

२१ सप्टेंबर, रविवार

बापूंना जेवायला बोलावलं. बापू आमच्या गल्लीतले, वीस-बावीस वर्षं ट्रक चालवला, रावेरची केळी भरून कुठे कुठे नेली. आता गुडघे दुखतात म्हणून घरी. ते अजून ‘सहा नंबर’च म्हणतात.

नकाशाकडे त्यांनी बघितलंही नाही. बोटांवर गावं मोजली: एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, मलकापूर, खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, अमरावती, नागपूर, भंडारा, साकोली, देवरी, बाघनदी, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, सरायपाली, बरगढ, संबलपूर. बाघनदी ओलांडली की छत्तीसगड. साकोली-देवरीकडचं जंगल दिवसाच ओलांडा म्हणाले. अकोला-अमरावती रस्ता ऐकून हसले. २०२२ च्या जूनमध्ये तिथे ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरून गिनीज बुकात नोंद झाली. “आमना टायमाले तठे कंबर मोडे,” म्हणाले.

त्यांनी दिलेले दोन नियम तसेच लिहून ठेवते. अंधार पडायच्या आत मुक्काम. आणि जिथे ट्रकवाले जेवतात तिथे जेवण चांगलं असतं हे खरं, पण तिथे बाईमाणसाला आणि पोराला संडास मिळेलच असं नाही. पेट्रोल पंप बघून थांबा.

परतीचा तिढाही त्यांनीच सोडवला. “मी गाडी लई येसू. तुम्ही रेल्वेमा बसा.” म्हणजे बापू रेल्वेने पुरीला येणार, तिथून ते आणि आमचे हे गाडी परत आणणार. मी, मनी आणि जिजी रेल्वेने. बापूंचा डोळा जगन्नाथाच्या दर्शनावर आहे हे उघड आहे, पण सौदा चांगला आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

गाडीची कामं.

गाडी २०१८ ची. एप्रिल २०१९ च्या आधीची म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची राहिली होती, तिच्यासाठी नोंदणी केली. पीयूसी नवीन काढली. चारही टायर दोन वर्षांपूर्वी बदललेले, म्हणून निर्धास्त होतो. मेकॅनिकने स्टेपनी काढून दाखवली. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. आमच्या स्टेपनीवर ‘२२१८’, म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. एकदाही रस्त्याला न लागलेला, नक्षी कोरी करकरीत टायर, आणि बगलेला बारीक भेगा. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. आमच्या धंद्यात उन्हात पडलेल्या नळ्यांचं हेच होतं, तरी डिकीत बघायचं सुचलं नव्हतं. बदलला.

मग मनीची सीट. उंची ११८ सेंटिमीटर. नुसता पट्टा लावला की तो खांद्यावरून न जाता मानेवर येतो आणि खालचा पोटावर. मग ती तो हळूच काखेखालून घेते. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर कायद्याने १,००० रुपये दंड आहे, पण मला दंडापेक्षा त्या मानेवरच्या पट्ट्याची जास्त भीती वाटली. पहिल्या दुकानात ‘हेच चालतं सगळ्यांना’ म्हणून एक मऊ उशी गळ्यात मारली. घरी बसवून बघितली, पट्टा तिथेच. परत केली. आता पाठ असलेलं बूस्टर (मुलाला उंच बसवणारं आसन) आहे, खांद्याजवळ पट्टा अडकवायला खाच असलेलं. आमच्या गाडीत मागे मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा आहे, म्हणून बूस्टर डाव्या खिडकीला, जिजी उजवीकडे. मधे मी नाहीतर डब्यांची पिशवी.

२५ आणि २६ ऑक्टोबर, शनिवार-रविवार: चाचणी

ठिबकची लाइन टाकली की माती लोटायच्या आधी पाणी सोडून बघतो. तसं पूर्वेचा रस्ता धरायच्या आधी पश्चिमेचं टोक करून बघायचं ठरलं. भाऊबीज झाली, दिवाळीची सुट्टी होतीच. पारोळा ते हजिरा, २८० च्या आसपास. यांचा अंदाज सहा तास. मी साडेसात धरले. लागले दहा तास दहा मिनिटं.

६:४० ला निघालो. धुळ्याच्या पुढे कुसुंब्यापर्यंत मनी झोपेत. पहिला टप्पा १ तास ४० मिनिटं, एकदम गुणी. साक्रीनंतर जाग आली आणि तिने चित्रं रंगवायची वही काढली. मी कौतुकाने बघत होते. दहिवेलच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागला, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर पोहे, दूध आणि वही सगळं एक झालं.

चूक माझी. डोळे वहीवर असले की डोळे सांगतात आपण बसलोय आणि कानातला तोल सांगतो आपण हलतोय. त्या भांडणात पोट उलटतं. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त होतं. जिजींनी पिशवीतून आवळासुपारी काढली, खिडकी उघडली आणि पोरीला लांबच्या डोंगरावरचं एक झाड धरून ठेवायला सांगितलं. झाड गेलं की पुढचं झाड. दहा मिनिटांत रंग परत आला. मी मात्र अर्धा तास पंपावर सीटकव्हर धूत होते. बूस्टरचं कापड निघतं, हे विकत घेतानाच बघितलं होतं. या वहीतला तेवढा एक शहाणपणा माझ्या नावावर.

नवापूरला स्टेशनात गेलो. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, बाकावरसुद्धा दोन राज्यांची नावं. मनी बरोबर मधे बसली. एक पाय नंदुरबार जिल्ह्यात, एक पाय तापी जिल्ह्यात. पुढे जिजींनाही बसवलं. आराखड्यात हे नव्हतं, आणि दोन दिवसांतली सगळ्यात चांगली पंचवीस मिनिटं हीच.

सोनगडच्या आसपास जेवण. तिथल्या हॉटेलात संडासाला कुलूप, किल्ली मालकाकडे, मालक गावात. बापू देवमाणूस.

जेवणानंतर मनी १ तास २० मिनिटं बसली, मग ५० मिनिटं, शेवटी अर्ध्या तासालाच रडारड. व्यारा, बारडोली, सुरत. सुरतेच्या गर्दीत शेवटचा सव्वा तास गेला.

आणि हजिरा. मी मनात काय चित्र रंगवलं होतं कोण जाणे. रस्ता कंपन्यांच्या लांबच लांब भिंतींमधून जातो, टँकर आणि ट्रेलर, फाटकं, पहारेकरी. मनीने विचारलं, “संपला?” हे म्हणाले, हो. “मग पाटी कुठेय?” तिला वाटलं होतं रस्ता संपतो तिथे तसं लिहिलेलं असतं. कुणाला काही बोलता येईना. जवळच्या सुवालीच्या किनाऱ्यावर नेलं. काळपट रेती, ओहोटी लागलेली, पाणी लांब चिखलापलीकडे. १६१२ साली याच किनाऱ्यापुढे इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली होती, ते यांनी सांगून बघितलं. मनीने खेकड्यांची बिळं मोजली.

मुक्काम उधन्यात नणंदेकडे. तिच्या गल्लीत अर्धं खानदेश राहतं. मनीला वाटलं आपण पारोळ्यालाच परत आलो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

जुना आराखडा फ्रिजवरून काढला. आता माप किलोमीटरचं नाही, मनीच्या बसण्याचं. सकाळी दीड तास, मग एक, जेवणानंतर सव्वा, शेवटी पाऊण. बेरीज साडेचार तास, त्यात बसतील ते किलोमीटर. चौपदरी मोकळ्या रस्त्यावर २५० च्या आसपास. त्याच्या पुढचा प्रत्येक तास तिच्याकडून उसना घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी व्याजासकट फेडायचा.

यांचं म्हणणं, मोबाइल दिला तर दोन तास सहज वाढतील. वाढतील, आणि मग घाटात पुन्हा सीटकव्हर. त्यापेक्षा बापूंनी सांगितलेला खेळ: महाराष्ट्र सुटल्यावर ‘एमएच १९’ (जळगाव) पाटीची गाडी दिसली की दहा गुण, ‘एमएच १८’ (धुळे) ला पाच, केळीचा ट्रक असेल तर दुप्पट. नजर लांब राहते, हा खरा फायदा. शिवाय मैलाचे दगड: पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्याचा.

५ नोव्हेंबर, बुधवार

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. परत ४ जानेवारीला निघायचं, म्हणून आज सकाळी आठच्या ठोक्याला दोन मोबाइल घेऊन बसलो. पुरीहून जळगावमार्गे अहमदाबादकडे जाणारी गाडी. तीन तिकिटं मिळाली, जिजींना खालचा बर्थ. बापूंचं जायचं तिकीट त्यांच्या पुतण्याने काढलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज एक घोळ सापडला, आणि तो मी वेळेत धरला याचा आनंद आहे.

अंधाराच्या आत मुक्काम हा नियम. पारोळ्याला डिसेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या पुढे मावळतो, मी सगळीकडे साडेपाच धरले होते. पण पारोळा ७५ रेखांशावर आणि पारादीप साडेशहाऐंशीच्या पुढे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे पाऊण तासाचा फरक. घड्याळ तेच, सूर्य वेगळा. तिकडे सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त. पूर्वेला सरकलो तसा संध्याकाळचा वेळ कमी होत जाणार. मोबदल्यात सकाळ लवकर होणार, म्हणून अकोल्याहून सातला निघायचं तर संबलपूरहून साडेसहाला. मनीला पृथ्वीचा गोळा आणि टॉर्च घेऊन दाखवलं. तिला एवढंच कळलं की पारादीपला लवकर झोपायला लावणार.

दुसरा शोध यांचा, आणि तो माझ्यापेक्षा मोठा. बरगढला धनुयात्रा असते. पौष पौर्णिमेला संपणारी, अकरा दिवसांची. सगळं गाव मथुरा होतं, जीरा नदी यमुना आणि पलीकडचं अंबापाली हे गोकुळ. कंस हत्तीवरून गावभर फिरतो, लोकांना दरबारात उभं करून दंड करतो, अगदी सरकारी अधिकाऱ्यांनासुद्धा. यंदा पौष पौर्णिमा ३ जानेवारीला, म्हणजे आपण २९ तारखेला जाऊ तेव्हा यात्रा रंगात असेल. यासाठी छत्तीसगडमधलं सिरपूर सोडलं. सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर बघायची माझी फार इच्छा होती, पण मनीच्या तासांत दोन्ही बसत नाहीत. मनीला कंसाची भीती वाटतेय आणि कधी एकदा बघते असंही झालंय.

३० नोव्हेंबर, रविवार

घरात दोन तट. ५३ नंबर संबलपूरच्या पुढे देवगड, पाल्लहडा, तालचेर करत चंडीखोलला जातो. दुसरा रस्ता ५५, रेढाखोल, अनुगुळ, ढेंकानाल, कटक. बापू आणि मी ५५ च्या बाजूने: वाटेत मोठी गावं, दवाखाने, राहायच्या सोयी. मनी आणि हे ५३ च्या बाजूने. “रस्ता बदलला तर तो आपला रस्ताच नाही,” हे मनीचं म्हणणं, आणि खोडायला अवघड.

तोड अशी निघाली: संबलपूर ते कटक ५५ ने. कटकला मुक्काम. मग सकाळी थोडं उत्तरेला चंडीखोलला जायचं आणि तिथून पारादीपपर्यंतचे शेवटचे पाऊणशे किलोमीटर ५३ वरूनच. थोडा वळसा पडतो. पडू दे. मनीने वहीत ‘मधे थोडी चिटींग’ असं लिहिलंय.

तिला एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. पारादीपही बंदर आहे, तिथेही भिंती, ट्रक, कोळसा असणार. समुद्र बाजूला जाऊन बघायचा. तिने विचार केला आणि म्हणाली, “पाटी?” पाटी नसेल बहुतेक.

१४ डिसेंबर, रविवार

पक्का कार्यक्रम: २५ ला अकोला. २६ ला नागपूर, २७ ला तिथेच माझ्या मावशीकडे आराम. २८ ला रायपूर, २५० चा नियम तोडणारा एक मोठा दिवस, म्हणूनच आदला मोकळा. २९ बरगढ. ३० ला संबलपूर आणि हिराकूड. १९५७ सालचं धरण, नुसती मुख्य भिंत ४.८ किलोमीटर. आपलं हतनूर पाहिलेल्या पोरीला ते दाखवायचंच आहे. ३१ कटक. १ जानेवारीला पारादीप. २ ला पुरी, ३ ला पौर्णिमेचं दर्शन. गर्दी प्रचंड असणार, पण जिजींपुढे कोण बोलणार?

औषधं: मनीच्या डॉक्टरांनी वजनावरून तापाच्या औषधाचं माप लिहून दिलं, उलटीची गोळी कधी द्यायची तेही. ओआरएस, थर्मामीटर. जिजींच्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, दोन वेगळ्या पिशव्यांत. महामार्गाची मदत १०३३, बाकी सगळ्याला ११२. दोन्ही नंबर डॅशबोर्डवर चिकटवले.

खाणं: दुधात भिजवलेल्या दशम्या, तीन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी, लोणचं, भाजलेले बिबडे. जिजींना केळीचा घड न्यायचा होता. बंद गाडीत दोन दिवसांत काळा पडेल आणि वासाने मनीचं पोट पुन्हा फिरेल, हे पटायला आठवडा लागला. तडजोड म्हणून सहा केळी, अकोल्यापर्यंत संपवायची.

शाळेतल्या बाईंनी रजा दिली, रोज एक पान लिहायच्या बोलीवर.

२४ डिसेंबर, बुधवार

हवा भरली, थंड टायरला. नंबरप्लेट मागच्याच आठवड्यात बसली. गाडीचं मीटर ६१,४३८.

संध्याकाळी डिकी भरताना मनी दुकानातून एक मोठा पुठ्ठा ओढत आली. ड्रिपरच्या खोक्याचा, वरून गोल कापलेला, डोकं पिवळं रंगवलेलं. खाली तिच्या अक्षरात: ‘५३. रस्ता संपला. पारोळा १४०० कि.मी.’ आतून आधाराला पीव्हीसीचा तुकडा, म्हणजे यांचाही हात आहे.

डिकीत मावेना. आडवा घातला तर बॅगा राहतात, उभा घातला तर मागची काच झाकते. दुमडायचं म्हटलं तर रडू. शेवटी जिजींनी तो आपल्या पायांपुढे उभा करून घेतला आणि केळी माझ्या मांडीवर दिली.